मुलांना वाचनाची गोडी लावायला शिक्षकांना शिकवता येतं का?

निपुण भारत अभियानाची मुदत तोंडावर आली आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या या अभियानाचं उद्दिष्ट असं की २०२६-२७ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल तिसरी संपेपर्यंत समजून वाचायला आणि साधी आकडेमोड करायला शिकलेलं असावं. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सध्या चाचण्या, अध्ययन स्तर आणि ऑनलाइन माहिती यांची धांदल आहे. ती का आहे हे मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी पाहणीच्या आकड्यांवरून कळतं. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीच्या मुलांमध्ये हे प्रमाण ४४.८ टक्के होतं. २०२२ पेक्षा दोन्ही आकडे सुधारले आहेत, तरी पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा अजून जमत नाही.

याच गडबडीत परिपत्रकांमध्ये आणखी एक अपेक्षा वारंवार दिसते: मुलांना वाचनाची गोडी लावा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, शाळाशाळांत वाचन कट्टे होतात, गोष्टींचे तास होतात. मात्र गोडी लावायची म्हणजे वर्गात सोमवारी सकाळी अकरा वाजता नेमकं काय करायचं, हे शिक्षकांना कोणी सांगत नाही. पालकांनाही प्रश्न पडतो की आवड ही मुळात आतून यायची गोष्ट. ती लावायला शिक्षकाला शिकवता येतं का?

येतं. मात्र आपल्याकडे ज्याला प्रशिक्षण म्हणतात, त्याहून ते बरंच वेगळं असावं लागतं.

आनंदवाचन म्हणजे काय

मूल स्वतः निवडून, स्वतःच्या कारणासाठी जे वाचतं आणि ज्याच्या शेवटी चाचणी नसते, त्याला आनंदवाचन म्हणतात. त्यासाठी पुस्तक गोष्टीचंच असलं पाहिजे असं नाही. कोणाला सापांची माहिती हवी असते, कोणाला कोडी, कोणाला चित्रकथा, कोणाला क्रिकेटच्या बातमीची कात्रणं. तेच पुस्तक सातव्यांदा वाचणारी मुलगीही आनंदवाचनच करत असते.

याच्या शेजारी आपला नेहमीचा भाषेचा तास ठेवून पाहा. बाईंचं आदर्श वाचन, मग मुलांचं प्रकट वाचन, मग मूकवाचन, मग प्रश्नोत्तरं आणि शेवटी स्वाध्याय. पिढ्यान् पिढ्या पाठ टाचणात हाच क्रम आला आहे आणि त्यातली कुठलीच पायरी चुकीची नाही. पण या अख्ख्या तासात मुलानं काही निवडलेलं नसतं. कंटाळा आला म्हणून धडा मध्येच सोडून दुसरा घ्यायची त्याला मुभा नसते. आणि धड्याबद्दल जे बोलणं होतं, त्याची उत्तरं बाईंना आधीच ठाऊक असतात. मोठी माणसं आवडीनं वाचतात तेव्हा याच तीन गोष्टी त्यांच्याकडे असतात: निवड, सोडून देण्याची मोकळीक आणि वाचलेल्याबद्दल बोलायला कोणीतरी. शाळेत आनंदवाचन आणायचं म्हणजे रोज थोडा वेळ या तीन गोष्टी मुलाला मिळवून द्यायच्या.

पण यानं अभ्यासात फरक पडतो का?

पालक हे विचारतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००० साली पहिल्यांदा झाली. तिचे निकाल वाचनाच्या अंगानं तपासल्यावर एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या पालकांचे व्यवसाय सगळ्यात खालच्या स्तरातले होते, पण जी मुलं आवडीनं, भरपूर आणि वेगवेगळं वाचत होती, त्यांचे वाचनातले सरासरी गुण ५४० होते. ज्यांच्या पालकांचे व्यवसाय सगळ्यात वरच्या स्तरातले होते, पण ज्यांना वाचनात रस नव्हता, त्यांचे ४९१. यावरून आवड हेच कारण आणि गुण हा परिणाम, असं सिद्ध होत नाही. ज्याला वाचता येतं त्याला वाचायला आवडतं, हेही खरंच आहे. पण घरची परिस्थिती शाळेच्या हातात नसते आणि वाचनाची सवय बऱ्याच अंशी असते, म्हणून ही तुलना महत्त्वाची.

मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये यामागची साखळी उलगडून दाखवली. ज्याला सुरुवातीला वाचन जमतं, तो जास्त वाचतो. जास्त वाचल्यानं त्याचा शब्दसाठा वाढतो. शब्द वाढले की पुढचं वाचणं सोपं होतं. ज्याला जमत नाही तो वाचन टाळतो, शब्द तुटपुंजे राहतात आणि दरवर्षी पुस्तकं मात्र अवघड होत जातात. पहिलीत दोन मुलांमध्ये असलेलं थोडंसं अंतर पाचवीपर्यंत दरीएवढं होतं. ते अंतर फक्त तासाला भरून निघत नाही, कारण दिवसाला तास असतो एक. उरलेला सराव मुलानं आपणहून करावा लागतो, आणि आपणहून मूल तेच करतं जे त्याला आवडतं.

"आधी वाचता तर येऊ दे, गोडीचं मग बघू"

हा आक्षेप बहुतेक केंद्रांवर, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटांच्या बैठकांत, ऐकायला मिळतो आणि तो घेणारे शिक्षक कामचुकार नसतात. वर्गातली अर्धी मुलं जोडाक्षरांना अडखळत असताना त्यांच्यापुढे गोष्टीची पुस्तकं काय ठेवायची, ही त्यांची खरी अडचण असते.

अक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं नीट क्रमानं आणि भरपूर सरावानं शिकवावीच लागतात. पुस्तकांच्या सहवासात राहून मूल आपोआप वाचायला लागेल, अशा आशेवर कोणी राहू नये. पण 'आधी हे, मग ते' असा क्रम लावला की 'मग' कधी येतच नाही. शिवाय त्या काळात मुलाची अशी समजूत होऊन बसते की वाचन म्हणजे 'कमळ, बदक, घर' असं ओरडून म्हणणं. पायाभूत स्तरासाठी, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं म्हणूनच भाषेच्या वेळेचे चार भाग सुचवले: मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन. चारही रोज चालतात, एकमेकांसाठी थांबून राहत नाहीत. ज्या मुलाला 'क' येत नाही, त्यालाही बाईंनी वाचून दाखवलेली गोष्ट पूर्ण कळते. त्यात त्याला 'कासावीस', 'तेवढ्यात', 'नाइलाजानं' असे शब्द भेटतात, जे घरच्या बोलण्यात क्वचित येतात. पुढे ते शब्द छापील भेटतील तेव्हा त्यानं ते निदान ऐकलेले असतील.

सगळं येऊन थांबतं शिक्षकाच्या वाचनावर

दुधाला विरजण कसं लावावं याच्या सूचना कितीही नीट लिहून भांड्यावर चिकटवल्या, तरी दूध दूधच राहतं. चमचाभर खरं दही लागतं. वाचनाच्या बाबतीत ते चमचाभर दही म्हणजे स्वतः वाचणारा शिक्षक.

हे नुसतं सुभाषित नाही. इंग्लंडमध्ये २००६-०७ मध्ये टेरेसा क्रेमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२०० प्राथमिक शिक्षकांना एक साधी प्रश्नावली दिली. मुलांसाठी लिहिणाऱ्या सहा लेखकांची, सहा कवींची आणि चित्रपुस्तकं करणाऱ्या सहा जणांची नावं लिहा. शिक्षक स्वतः आवडीनं वाचणारे होते, पण मोठ्यांची पुस्तकं. २२ टक्के शिक्षकांना मुलांसाठी लिहिणाऱ्या एकाही कवीचं नाव देता आलं नाही. २४ टक्क्यांना चित्रपुस्तकं करणारी एकही व्यक्ती सांगता आली नाही. लेखकांची नावं आली, पण बरीचशी त्याच त्या चार-दोन लोकप्रिय लेखकांची, तीही बहुधा स्वतःच्या लहानपणी वाचलेल्यांची.

मुलांच्या पुस्तकांची इतकी रेलचेल असलेल्या देशातली ही गोष्ट. आपल्या केंद्रातल्या शिक्षकांना हाच प्रश्न मराठीबद्दल विचारून बघावा: आज हयात असलेले सहा बालसाहित्यिक, मुलांसाठी लिहिणारे सहा कवी, सहा चित्रकार. हा दोष एकट्या शिक्षकाचा अर्थातच नाही. ज्याच्या शाळेत मराठी बालसाहित्याची पंचवीस बरी पुस्तकंही आलेली नाहीत, शिक्षक होण्याची पदविका करताना ज्याला ती कुणी वाचायला दिली नाहीत, त्यानं नावं आणायची कुठून?

नावं माहीत असणं हे काही प्रतिष्ठेचं लक्षण नाही. त्याचा वर्गात रोज उपयोग होतो. तिसरीतला एक मुलगा कशालाच हात लावत नाही, पण त्याच्या घरी शेळ्या आहेत आणि तो त्यांच्याबद्दल तासभर बोलू शकतो. ज्या बाईंनी शंभर पुस्तकं वाचली आहेत, त्यांना लगेच आठवतं की कपाटात शेळीची एक गोष्ट आहे, पानाला दोन ओळींची, मोठ्या चित्रांची. त्या ती काढून त्याच्या हातात देतात. ज्या बाईंनी वाचलेली नाहीत, त्या म्हणतात, "काहीतरी घेऊन वाच रे."

क्रेमिन यांच्या त्याच अभ्यासातून पुढे शिक्षकांसोबत वर्षभराचा प्रकल्प झाला. शिक्षकांनी स्वतः बालसाहित्य वाचायला घेतलं, त्याबद्दल आपापसात आणि मुलांशी बोलायला लागले, आणि मुलांच्या वाचनात फरक दिसू लागला. वर्गात काय करायचं याची चौकट त्यातून पुढे आली: रोज वाचून दाखवणं, मुलांना स्वतःसाठी वाचायला वेळ देणं, पुस्तकांबद्दल मोकळ्या गप्पा आणि शिफारशी, आणि एकत्र बसून वाचावंसं वाटेल अशी जागा. चारही गोष्टी शिकता येतात. पाया मात्र शिक्षकाच्या स्वतःच्या वाचनाचा.

वाचून दाखवणं: यात शिकण्यासारखं काय आहे?

वाचून दाखवणं सोपं वाटतं, म्हणून प्रशिक्षणात ते पाच मिनिटांत उरकलं जातं. माझ्या मते अर्धं प्रशिक्षण याच एका गोष्टीवर खर्च करावं.

तयारी आदल्या दिवशी होते. पुस्तक आधी स्वतःसाठी वाचायचं, मग चित्रं पाहत पुन्हा. समजा गोष्टीत शेळी हरवली आहे आणि सगळं घर तिला शोधतं आहे. तिसऱ्या पानावरच्या चित्रात झुडपामागे शेळीची शिंगं दिसतात. मजकुरात त्यांचा उल्लेख नाही. ज्या शिक्षकानं चित्र नीट पाहिलेलं नाही, तो ते पान वाचून पुढे जातो. ज्यानं पाहिलं आहे, तो त्या पानावर पुस्तक जरा जास्त वेळ मुलांसमोर धरतो आणि काहीच बोलत नाही. कुणाला तरी शिंगं दिसतात आणि वर्गात एकच गलका होतो. गोष्टीतल्या माणसांना जे कळलेलं नाही ते आपल्याला कळलं, हा आनंद मुलाला छापील पानानं दिलेला असतो.

पुस्तक छातीजवळ, मुलांकडे तोंड करून धरायचं आणि बाजूनं वाचायचं, याचा हाताला सराव लागतो. मुलांना रांगेत न बसवता जवळ बसवायचं. मुखपृष्ठ दाखवून गोष्ट कशाची असेल ते विचारायचं, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव वाचायचं. मध्ये एक-दोन ठिकाणीच थांबायचं. प्रत्येक वाक्यानंतर शब्दार्थ विचारले की गोष्टीचा धडा होतो. अवघड शब्द आला तर आवाजानं, हावभावानं किंवा "म्हणजे घाबरला बरं का" असं जाता जाता सांगून पुढे निघायचं.

आणि गोष्ट संपली की "या गोष्टीतून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारायचा नाही. ही सवय मोडणं शिक्षकांना सगळ्यात जड जातं. या प्रश्नाचं उत्तर मुलांना तयारच असतं: खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, एकीचं बळ. ते उत्तर द्यायला गोष्ट ऐकावीही लागत नाही. ब्रिटिश लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी त्याऐवजी चार बाजूंनी बोलायला सुचवलं: काय आवडलं, काय आवडलं नाही, कशाचं कोडं पडलं, आणि काय ओळखीचं किंवा आधीच्या कशाशी जुळणारं वाटलं. "आवडलं नाही" म्हणायची परवानगी मिळाली की मुलं पहिल्यांदा खरं बोलायला लागतात.

"कथाकथन आम्हाला येतंच की"

महाराष्ट्रातल्या शिक्षकांचा हा रास्त अभिमान आहे. साने गुरुजींच्या निधनानंतर उभी राहिलेली कथामालेची चळवळ गावोगाव पोहोचली आणि आजही कितीतरी गुरुजी अर्धा तास हातात काही न घेता मुलांना खिळवून ठेवतात. ते थांबवू नये.

पण सांगणं आणि वाचून दाखवणं यांची कामं वेगळी आहेत. सांगताना गोष्ट गुरुजींच्या तोंडून येते, मूल त्यांच्याकडे बघतं, आणि उद्या तीच गोष्ट थोडी वेगळी होते. वाचून दाखवताना गोष्ट पानातून येते. उद्या, परवा, महिन्यानं पुस्तक उघडलं तरी त्याच पानावर तेच शब्द निघतात, आणि बाई नसतानाही ते तिथंच असतात. छापलेल्या खुणा बोलतात, हे ज्या मुलाच्या घरात पुस्तक किंवा वर्तमानपत्र येत नाही त्याला आपोआप कळत नाही. शिवाय लिहिलेल्या भाषेची वाक्यं बोलण्यातल्यापेक्षा वेगळी असतात. त्यांची लय कानावर पडलेली असली की पुढे स्वतः वाचताना मूल वाक्याच्या मध्यावर अडखळत नाही. आणि एक व्यावहारिक गोष्ट: वाचून दाखवलेलं पुस्तक मुलाला नंतर हातात घेता येतं. आठवड्यानं कपाटाकडे बघा, बाईंनी वाचून दाखवलेली पुस्तकंच बहुधा सगळ्यात जास्त फिरलेली असतात. ज्याला अजून वाचता येत नाही तोही ते घेऊन चित्रांवरून, पाठ झालेल्या वाक्यांवरून 'वाचत' बसतो. ते खोटं वाचन नव्हे. वाचनाची सुरुवात तिथूनच होते.

प्रशिक्षणं होतात, मग वर्गात का दिसत नाहीत?

आपल्याकडे प्रशिक्षण वरून खाली येतं. राज्य स्तरावर काही जण प्रशिक्षण घेतात, ते जिल्ह्याच्या तज्ज्ञांना देतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. लाखो शिक्षकांपर्यंत पोहोचायला हा मार्ग सोयीचा आहे आणि माहिती पोहोचवायला तो चालतोही. नवीन पाठ्यपुस्तकात काय बदललं हे अशा पद्धतीनं सांगता येतं. पण पुस्तक हातात धरून मुलांसमोर वाचणं ही करून शिकायची गोष्ट आहे. चौथ्या पायरीपर्यंत तिचं पीपीटी झालेलं असतं. शिक्षक 'वाचून दाखवण्याचे फायदे' ही स्लाइड पाहतात. दिवसभरात एकही बालपुस्तक कुणाच्या हाताला लागत नाही.

अमेरिकेतले ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यास करताना हेच दाखवलं होतं. सिद्धान्त सांगितला, करून दाखवलं, सराव करून घेतला, तरी परत आपल्या वर्गात गेल्यावर कोणी सोबत नसेल तर नवी पद्धत टिकत नाही. कोणीतरी वर्गात येऊन बसावं लागतं, पाहावं लागतं, नंतर बोलावं लागतं, आणि पुन्हा यावं लागतं. ती भेट तपासणीची नसावी, ही अट.

या दिशेनं काम करणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. फलटणमध्ये मॅक्सिन बर्नसन यांनी स्थापन केलेली प्रगत शिक्षण संस्था, पालघर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या शाळांत काम करणारी क्वेस्ट, गोव्यात २००५ पासून पुस्तकं घेऊन शाळांत जाणारं बुकवर्म, ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम घेणारा टाटा ट्रस्ट्सचा पराग उपक्रम: या सगळ्यांच्या कामात एक समान धागा दिसतो. शिक्षकाला ते एकदाच भेटून सोडून देत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. त्यातले काही तास ऑनलाइन चित्रफितींऐवजी पुस्तकं वाचण्यात आणि एकमेकांचे वर्ग पाहण्यात गेले, तर त्यासाठी नवा पैसाही लागणार नाही.

"वेळ कुठाय?"

चार इयत्ता आणि दोन शिक्षक असलेल्या शाळेत हा प्रश्न बोचरा असतो. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं आणि रोज काहीतरी भरायचं ॲप. शिक्षकांच्या डोक्यावरचं हे ओझं कमी व्हायला हवं, त्याला पर्याय नाही.

तरीही वाचून दाखवायला पंधरा मिनिटं आणि मुलांनी स्वतः वाचायला पंधरा मिनिटं इतकं रोज झालं तर पुरतं. आणि बहुवर्ग शाळेत या वेळेची उलट मदत होते. पहिली ते चौथीची मुलं एकच गोष्ट एकत्र ऐकू शकतात; पहिलीतलं मूल चित्रात रमतं, चौथीतलं शब्दात. स्वतः वाचायच्या वेळी चौथीची मुलगी पहिलीतल्या भावाला वाचून दाखवते. शिक्षकानंही त्या वेळी वाचत बसावं. वह्या तपासू नयेत.

पुस्तकं आणि कपाटाचं कुलूप

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टी मोफत वाचायला आणि छापून घ्यायला मिळतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. म्हणजे अगदीच काही नाही, अशी परिस्थिती नसते. खरेदीत शिक्षकांचं मत घेतलं जात नाही आणि एका पुस्तकाच्या वीस प्रती येतात, ही तक्रार मात्र खरी आहे.

पण अनेक शाळांत पुस्तकं असूनही कपाटाला कुलूप असतं. यामागे भीती आहे. पुस्तकं नोंदवहीत चढलेली असतात, चार्ज शिक्षकाच्या नावावर असतो, बदली होताना एक-एक पुस्तक मोजून द्यावं लागतं. फाटलं, हरवलं तर खिशातून भरावं लागेल म्हणून पुस्तकं मुलांपासून सांभाळली जातात. प्रशिक्षणात यावर उघड बोललं पाहिजे, कारण पुस्तकप्रेमाच्या भाषणानं ही भीती जात नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक समंजस तरतूद आहे: वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ती हानी वाजवी समजावी, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. मोठ्यांच्या ग्रंथालयासाठी हे मान्य असेल, तर सहा वर्षांची मुलं जिथं पुस्तकं हाताळतात तिथं याहून मोकळा हात हवा. जिल्हा परिषदांनी तसं लेखी दिलं, तर कुलपं एका दिवसात उघडतील असं मला मनापासून वाटतं.

घरची बोली वेगळी असेल तर?

वारली, कातकरी, कोरकू, पावरी, गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते. तिथं शिक्षकानं वाचून दाखवायचं प्रमाण मराठीत, पण बोलणं मुलांच्या भाषेत होऊ द्यायचं. चित्र पाहून मूल आपल्या बोलीत जे सांगेल ते फळ्यावर देवनागरीत लिहायचं आणि वाचून दाखवायचं. आपण बोललो ते लिहिता येतं, हे पाहिल्यावर मुलाचा चेहरा बघावा. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर गावातल्या एखाद्या आजीला महिन्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावं आणि मोठ्या मुलांनी ती उतरवून घ्यावी. वर्षाअखेर शाळेचं स्वतःचं पुस्तक तयार होतं.

मोजायचं कसं आणि बक्षिसांचं काय?

'महिन्यात जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्यास बक्षीस' ही योजना हेतूनं चांगली आणि परिणामानं घातक आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर हीच मुलं आपणहून चित्रं काढायला इतरांपेक्षा कमी वेळ देत होती. जे आवडीनं होत होतं ते बक्षिसासाठीचं काम होऊन बसलं. पुस्तकांची संख्या मोजली की मुलं पातळ पुस्तकं घेतात आणि शेवटचं पान आधी वाचतात. पुस्तक परत करताना सारांश लिहून मागितला, तर पुस्तक नेणंच बंद होतं.

तरी अधिकाऱ्यांना काहीतरी पाहावं लागतं हे मान्य. मग त्यांनी कपाट पाहावं: कुठल्या पुस्तकांचे कोपरे झिजले आहेत, कुठली नवी कोरी आहेत. मुलाला विचारावं, "तुझ्या मित्राला कुठलं पुस्तक देशील आणि का?" आणि शिक्षकाला विचारावं की या महिन्यात मुलांचं कुठलं पुस्तक तुम्ही स्वतः वाचलं. एकदा आवड निर्माण झाली की काम झालं, असंही नाही. ब्रिटनमध्ये इतकी वर्षं प्रयत्न होऊनही नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या २०२५ च्या पाहणीत ८ ते १८ वयोगटातल्या फक्त ३२.७ टक्के मुलांनी मोकळ्या वेळात वाचायला आवडतं असं सांगितलं; तोवरच्या वीस वर्षांतला हा नीचांक होता. मोबाइल-टीव्हीच्या पडद्यांशी वाचनाची असलेली स्पर्धा आपल्याही दारात आली आहे.

शिक्षण परिषदेत काय करता येईल

आजूबाजूच्या दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र असतं आणि तिथल्या शिक्षकांची महिन्याला शिक्षण परिषद भरते. ती बहुतेक वेळा सूचना वाचण्यात जाते. तिचा पहिला पाऊण तास पुस्तकांना द्यावा. केंद्रशाळेच्या टेबलावर वेगवेगळी तीस-चाळीस बालपुस्तकं मांडावीत आणि प्रत्येकानं वीस मिनिटं गप्प बसून वाचावं. एका शिक्षकानं एक पुस्तक बाकीच्यांना मुलांसमोर वाचतो तसं वाचून दाखवावं आणि इतरांनी कुठं गंमत वाटली, कुठं लक्ष उडालं ते सांगावं. जाताना प्रत्येकानं एक पुस्तक शाळेत न्यावं आणि पुढच्या महिन्यात ते परत आणताना मुलं त्यावर काय बोलली, तेवढंच दोन वाक्यांत सांगावं. शाळा वर्षाला दहा महिने भरते. दहा परिषदांत प्रत्येक शिक्षकाची स्वतः वाचलेली निदान वीस आणि सहकाऱ्यांकडून ऐकलेली शंभरेक पुस्तकं होतात. केंद्रप्रमुखांना यासाठी वरून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनीही पुढच्या बैठकीत ग्रंथालयाच्या अनुदानातून यंदा काय घेतलं, ते कोणी निवडलं आणि कपाटाची किल्ली दिवसभर कुठं असते, हे विचारायला हरकत नाही.